जॅग्वार, लँड रोव्हर आणि बॉम्बे हाउस

२ जून २००८ रोजी जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन ब्रिटिश मोटार कंपन्या अमेरिकेच्या फोर्डकडून मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीच्या झाल्या. व्यवहार २.३ अब्ज डॉलरचा होता. फोर्डने या दोन्ही कंपन्या वेगवेगळ्या वेळी विकत घेतल्या, तेव्हा एकूण ५ अब्ज डॉलरहून जास्त मोजले होते. पुढे त्यात ओतलेला पैसा वेगळाच. शिवाय विकताना कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत फोर्डने सुमारे ६० कोटी डॉलर स्वतःच घातले. कारखाने, आराखडे आणि सुमारे १६ हजार कामगारांबरोबर डेम्लर, लँचेस्टर आणि रोव्हर या जुन्या नावांचे हक्कही मुंबईकडे आले. पुढच्या सात वर्षांत हीच कंपनी ब्रिटनमधली सर्वांत मोठी मोटार उत्पादक झाली. मात्र या पुनरुज्जीवनात दोन्ही नावांच्या वाट्याला सारखे यश आले नाही. लँड रोव्हर उभी राहिली, जॅग्वारला ते जमले नाही. हा फरक कशामुळे पडला, हे समजण्यासाठी दोघींचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

जॅग्वारची सुरुवात मोटारीपासून झालीच नाही. १९२२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्मस्ली या दोन तरुणांनी मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवायला घेतल्या. लायन्सने तेव्हा नुकतीच एकविशी गाठली होती. दुसऱ्यांच्या चासीवर स्वतःची देखणी बॉडी चढवणे ही पुढची पायरी होती, आणि त्यासाठी १९२८ मध्ये धंदा कॉव्हेंट्रीला हलला. १९३५ मध्ये ‘एसएस जॅग्वार’ हे नाव आले. युद्धानंतर ‘एसएस’ ही अक्षरे हिटलरच्या दलाची आठवण करून देऊ लागली, म्हणून १९४५ मध्ये ती गाळून फक्त जॅग्वार उरली. लायन्स शिकलेला इंजिनिअर नव्हता, पण रेषेची त्याची जाण विलक्षण होती. कागदावरच्या चित्रावर त्याचा भरवसा नसे. कारागिरांकडून गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना करून घ्यायचा, तो उघड्यावर ठेवून न्याहाळायचा आणि मनासारखी होईपर्यंत एकेक वळण बदलायला लावायचे, अशी त्याची पद्धत होती. १९४८ ची एक्सके १२० आणि १९६१ ची लांब नाकाची ई-टाइप या त्याच नजरेतून उतरल्या. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. लायन्सचे खरे कसब किमतीत होते. युरोपातल्या श्रीमंती गाड्यांच्या तोडीचे रूप आणि वेग तो त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत देत असे.

लँड रोव्हरचा जन्म गरजेतून झाला. रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांचे वेल्समधल्या अँगल्सी बेटावर शेत होते आणि तिथे ते युद्धातून उरलेली अमेरिकी जीप वापरत. १९४७ मध्ये तिथल्या रेड व्हार्फच्या किनाऱ्यावर त्यांनी भावाला ओल्या वाळूत नव्या गाडीचे चित्र काढून दाखवले. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांपुढे आली. युद्धानंतर पोलाद कोट्यावर मिळत होते, म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली. पत्रा दाबायचे महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून ती सपाट आणि चौकोनी राहिली. रंग हिरवा दिला, कारण लष्करी विमानांसाठी आणलेला तोच रंग शिल्लक होता. काटकसरीने ठरलेले हे रूप पुढे जगभर ओळखले गेले. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली आणि शेतातल्या गाडीला दिवाणखान्याचा आराम मिळाला. आज कंपनीची मोठी कमाई याच नावावर होते.

साठीच्या दशकाअखेर ब्रिटिश मोटारधंद्यात एकत्रीकरणाची लाट आली. १९६८ मध्ये जॅग्वार आणि रोव्हर दोन्ही ‘ब्रिटिश लेलँड’ या एकाच छत्राखाली गेल्या. १९७५ मध्ये ते छत्र कोसळू लागले, तेव्हा सरकारने ते ताब्यात घेतले. संप, जुनी यंत्रे आणि ढासळता दर्जा यांमुळे त्या दशकात जॅग्वारच्या नावाची पार रया गेली. १९८० पासून नवे प्रमुख जॉन इगन यांनी दर्जा सावरायला घेतला, १९८४ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि १९८९ मध्ये फोर्डने ती सुमारे १.६ अब्ज पौंडांना घेतली. लँड रोव्हरचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने सगळा रोव्हर समूह घेतला आणि २००० मध्ये त्याचे तुकडे केले. मिनी स्वतःकडे ठेवली, लँड रोव्हर फोर्डला विकली आणि उरलेली रोव्हर १० पौंडांच्या नाममात्र किमतीला एका गटाच्या हवाली केली. ती एमजी रोव्हर कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली आणि बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागात सुमारे ६ हजार कामगार रस्त्यावर आले. तीन वर्षांनी टाटांचे नाव पुढे आले, तेव्हा त्या भागातल्या कामगारांच्या डोळ्यांपुढे लाँगब्रिजची बंद फाटके होती. त्यांची धास्ती समजायची तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

फोर्डच्या काळाविषयी सहसा एकतर्फी लिहिले जाते. चुका झाल्या, हे खरे. १९९९ ची एस-टाइप जुन्या वैभवाची नक्कल करत राहिली. २००१ ची एक्स-टाइप फोर्डच्या माँडिओ या सर्वसामान्य गाडीच्या पायावर बांधली होती आणि हे गिऱ्हाइकापासून लपले नाही. तिचा खप अपेक्षेपेक्षा फारच कमी राहिला. फॉर्म्युला वन शर्यतींवर पाच वर्षे पैसा गेला, पण एकही विजय हाती लागला नाही. तरीही याच काळात फोर्डने अशी एक गोष्ट केली, जिची फळे पुढे टाटांना मिळाली. २००३ च्या एक्सजे गाडीचे सबंध अंग ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियमला पोलादासारखे ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्डिंग करणे अवघड जाते, म्हणून विमानबांधणीतली रीत उचलली गेली. दोन पत्र्यांमध्ये आधी चिकट रसायनाची धार सोडायची, मग छिद्र न पाडताच रिव्हेट दाबून आत रुतवायचे आणि भट्टीत ते रसायन घट्ट करायचे. त्यामुळे बॉडीचे वजन जुन्या एक्सजेच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि तिचा ताठपणा वाढला. ही विद्या जॅग्वारच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्यातल्या कारागिरांच्या हातात आली. विकणाऱ्याला तिचे मोल वसूल करता आले नाही, पण कारखान्यांबरोबर ती नव्या मालकाकडे गेली.

२००६ मध्ये फोर्डला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. नवे प्रमुख ॲलन मुलॅली यांनी फोर्ड हे नाव वाचवण्यासाठी बाकीची नावे विकायला काढली. २००७ च्या मध्यात जॅग्वार आणि लँड रोव्हर एकत्र बाजारात आल्या. घेणाऱ्यांमध्ये टाटांबरोबर मुंबईचीच महिंद्र अँड महिंद्रही होती, शिवाय अमेरिकेतली एक गुंतवणूक संस्था होती. भारतीय मालकी आली तर श्रीमंती गाडीची प्रतिष्ठा जाईल, अशी शंका अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या गोटातून उघडपणे बोलली गेली. ब्रिटनच्या कामगार संघटनेने मात्र पुरता विचार करून टाटांना पसंती दिली. नफा काढून कंपनी पुन्हा विकणाऱ्या गुंतवणूकदारापेक्षा प्रत्यक्ष गाड्या बनवणारा मालक बरा, हे त्यांनी ताडले होते. वॉरिक विद्यापीठात उत्पादनशास्त्राचा मोठा विभाग उभा करणारे प्रा. कुमार भट्टाचार्य यांनीही टाटा समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष रतन टाटा यांना या खरेदीसाठी आग्रह केला. ३ जानेवारी २००८ रोजी फोर्डने टाटांना पहिली पसंती जाहीर केली. त्यानंतर आठवडाभराने दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी १ लाख रुपयांची नॅनो दाखवली. एकाच घरात सर्वांत स्वस्त मोटार आणि रेंज रोव्हर नांदणार, ही कल्पना तेव्हा पुष्कळांना पेलली नाही.

या खरेदीमागे एक जुनी सल होती असे सांगतात. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली. ती पुण्यात तयार होत असे. सुरुवातीचा तिचा काळ खडतर गेला आणि २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्याआधी १९९९ मध्ये मोटारींचा हा विभाग फोर्डला विकण्याचे बोलणे करायला रतन टाटा सहकाऱ्यांसह डेट्रॉइटला गेले होते. तिथे, धंदा कळत नव्हता तर त्यात पडलात कशाला, अशा भाषेत त्यांची बोळवण झाली. त्या दौऱ्यात बरोबर असलेले प्रवीण काडले यांनी २०१५ मध्ये मुंबईत, यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार टाटांच्या वतीने स्वीकारताना ही हकिगत सांगितली. ही आठवण काडले यांची आहे आणि ती मनाला भिडते. पण खरेदीचे कारण म्हणून ती पुरेशी नाही. टाटा मोटर्सला परदेशी बाजारपेठ हवी होती, तंत्रज्ञान हवे होते आणि ट्रकच्या धंद्यातल्या चढउतारांवर उतारा हवा होता. सूडासाठी कोणी ३ अब्ज डॉलरचे कर्ज काढत नाही.

ते कर्ज अल्पमुदतीचे होते आणि काळ निवडावा तो नेमका वाईट निघाला. करार पुरा होऊन तीन-साडेतीन महिने होतात तोच सप्टेंबर २००८ मध्ये लेमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर पतपुरवठा आटला. महाग गाड्यांचा खप झपाट्याने घसरला. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या हक्कभागांकडे भागधारकांनी पाठ फिरवली, म्हणून टाटा समूहालाच ते उचलावे लागले. ऑक्टोबरमध्ये आंदोलनामुळे पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून नॅनोचा कारखाना हलवावा लागला. नोव्हेंबरच्या २६ तारखेला समूहाच्याच ताज हॉटेलवर अतिरेकी हल्ला झाला. टाटा समूहाचे मुंबईतले मुख्यालय असलेल्या बॉम्बे हाउसने त्या शरद ऋतूत जे सोसले, तेवढे क्वचितच एखाद्या उद्योगसमूहाने तीन महिन्यांत सोसले असेल. मार्च २००९ अखेरच्या दहा महिन्यांत जॅग्वार-लँड रोव्हरला सुमारे ३० कोटी पौंडांचा तोटा झाला आणि टाटा मोटर्सच्या एकत्रित ताळेबंदात २,५०५ कोटी रुपयांची खोट दिसली. घेतलेला सौदा अंगलट आला, असे जाणकारही म्हणू लागले.

ब्रिटिश सरकारकडे मदत मागितली गेली. युरोपीय गुंतवणूक बँक ३४ कोटी पौंड द्यायला तयार होती, पण त्याला सरकारी हमी हवी होती आणि सरकारने घातलेल्या अटी टाटांना जाचक वाटल्या. कित्येक महिन्यांच्या घासाघिशीनंतर ऑगस्ट २००९ मध्ये टाटांनी तो नाद सोडला आणि खासगी बँकांकडून पैसा उभा केला. त्याआधीच कामगारांनी पगारवाढ सोडून आणि कामाचे तास कमी करून कंपनीला हातभार लावला होता. बदल्यात दोन वर्षे सक्तीची कपात न करण्याचा शब्द त्यांनी घेतला. बाहेरचे सल्लागार बोलावून रोखीचा हिशेब रोजच्या रोज होऊ लागला. साठ्यात पैसा अडकू नये म्हणून उत्पादन विक्रीच्या मापाला आणले गेले. या सगळ्यात एक गोष्ट टाटांनी केली नाही, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नव्या गाड्यांच्या संशोधनाचा खर्च त्यांनी तोडला नाही. निव्वळ हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर तो पहिला कापायला हवा होता.

फेब्रुवारी २०१० मध्ये डॉ. राल्फ श्पेथ प्रमुख झाले. बीएमडब्ल्यूत दोन दशके घालवलेले आणि फोर्डच्या काळात याच कंपन्यांशी संबंध आलेले हे जर्मन इंजिनिअर होते. मुंबईहून साहेब येऊन कारभार हाती घेतील ही भीती खोटी ठरली. रचनाकार इयन कॅलम जॅग्वारमध्ये आणि जेरी मॅकगव्हर्न लँड रोव्हरमध्ये राहिले, अभियांत्रिकी इंग्लंडातच राहिली. मिडलंड्समधल्या दोनपैकी एक कारखाना बंद करण्याचा बेत होता, तोही ऑक्टोबर २०१० मध्ये रद्द झाला.

दैव फिरवले ते इव्होकने. जानेवारी २००८ मध्ये, विक्रीची बोलणी चालू असताना, डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लँड रोव्हरने एक नमुना ठेवला होता. मागे उतरत जाणारे छप्पर, त्याच्या उलट वर चढत जाणारी खिडक्यांची खालची कड आणि मोठी चाके, असे त्याचे रूप होते. नमुन्याची गाडी प्रत्यक्षात येताना सहसा तिची सगळी धार बोथट होते. इथे तसे झाले नाही. लँड रोव्हरच्याच फ्रीलँडर गाडीच्या पायावर बेतलेली इव्होक जवळपास जशीच्या तशी जुलै २०११ मध्ये हेलवूडच्या कारखान्यातून बाहेर पडली. लिव्हरपूलजवळचा हा कारखाना फोर्डने १९६३ मध्ये उभारला होता. इव्होकची मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये तिथे सुमारे ५० वर्षांत प्रथमच तिन्ही पाळ्या चालू झाल्या आणि पट्टा रात्रंदिवस फिरू लागला. शहरातल्या स्त्रिया आणि तरुण, जे आजवर लँड रोव्हरच्या शोरूमकडे फिरकत नव्हते, ते आता रांगेत होते.

त्याच वर्षी चौथ्या पिढीची रेंज रोव्हर आली. एक्सजेसाठी शिकलेली ॲल्युमिनियमची विद्या इथे कामाला आली. काही प्रकारांत गाडीचे वजन तब्बल ४२० किलोंनी उतरले, म्हणजे पाच मोठी माणसे गाडीतून उतरावीत त्याहूनही जास्त. चीनच्या बाजाराने या गाड्यांना उचलून धरले. २०१४ मध्ये चांगशू इथे चेरी कंपनीच्या भागीदारीत कारखाना निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वुल्व्हरहॅम्प्टनजवळ कंपनीचा स्वतःचा इंजिन कारखाना राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते सुरू झाला. फोर्डच्या इंजिनांवरचे अवलंबन त्यामुळे कमी होऊ लागले. २०१४-१५ मध्ये करपूर्व नफा २.६ अब्ज पौंड झाला, म्हणजे संपूर्ण खरेदीच्या किमतीहून जास्त रक्कम एका वर्षात आली. २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ९० हजार गाड्या बांधून कंपनीने ब्रिटनमध्ये निसानला मागे टाकले.

भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी पहिली शोरूम जून २००९ मध्ये मुंबईत वरळीला उघडली. मे २०११ मध्ये टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हेलवूडहून पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांपासून फ्रीलँडर जोडायला सुरुवात झाली. पाठोपाठ जॅग्वार एक्सएफ आणि इव्होकही तिथे जोडल्या जाऊ लागल्या. २०२४ मध्ये रेंज रोव्हरचीही पाळी आली. तोवर ५४ वर्षे हे नाव लावणारी मुख्य गाडी फक्त इंग्लंडातल्या सॉलिहलमध्ये बनत असे. आयात शुल्क वाचल्यामुळे भारतात तिची किंमत लाखो रुपयांनी उतरली.

चढत्या काळात जॅग्वारवरही भरपूर पैसा लावला गेला. एफ-टाइप, एक्सई, एफ-पेस अशा गाड्या एकामागून एक आल्या. विजेवरच्या आय-पेसने २०१९ चा जगातील सर्वोत्तम मोटारीचा किताब मिळवला. तरी मधल्या आकाराच्या सेडान गाड्यांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडीशी भिडताना जॅग्वारची दमछाक झाली. त्या तिघींकडे दरवर्षी लाखोंचा खप होता, त्यामुळे प्रत्येक गाडीमागे विकासाचा खर्च कमी येई. लायन्सच्या काळात जॅग्वार स्वस्तात वैभव देत होती, ते गणित आता उलटे झाले होते. गिऱ्हाईकही सेडान सोडून उंच गाड्यांकडे वळत होते आणि उंच गाडी हवी असलेल्याला त्याच शोरूममध्ये रेंज रोव्हर दिसे. २०१८ मध्ये १ लाख ८० हजारांच्या आसपास असलेला जॅग्वारचा खप २०२२ मध्ये सुमारे ६२ हजारांवर आला.

२०१८ पासून वाईट दिवस पुन्हा आले. डिझेलविरोधी वातावरण, ब्रेक्झिटची अनिश्चितता आणि चीनमधली घसरण एकाच वेळी आली. २०१८ च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीच्या मालमत्तेची किंमत ३.१ अब्ज पौंडांनी कमी करून हिशेबात घ्यावी लागली. त्या तिमाहीत टाटा मोटर्सचा तोटा २६,९६१ कोटी रुपयांवर गेला. तोवर कोणत्याही भारतीय कंपनीला एका तिमाहीत इतका तोटा झालेला नव्हता. साडेचार हजार नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०१६ मध्ये सॉलिहलमध्ये थांबलेली जुनी डिफेंडर २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली, पण ती स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बांधली जाते. तिने आणि रेंज रोव्हरने कंपनीला पुन्हा सावरले. २०२३-२४ मध्ये महसूल २९ अब्ज पौंडांवर गेला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा कंपनी भक्कम नफ्यात होती. २०२५ च्या ऑगस्टअखेर संगणक प्रणालीवर हल्ला झाला आणि कारखाने पाच आठवड्यांच्या आसपास बंद राहिले. ब्रिटिश अर्थव्यवस्थेचे त्यातून झालेले नुकसान १.९ अब्ज पौंड धरले गेले. या वेळी सरकारने १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली.

जॅग्वारपुरता निर्णय त्याआधीच झाला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे प्रमुख तिएरी बोलोरे यांनी तिला फक्त विजेवर चालणारी आणि अधिक महागडी करण्याचे जाहीर केले. जवळपास तयार झालेली विजेवरची एक्सजे रद्द झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत पुढच्या गाडीची झलक म्हणून ‘टाइप ००’ हा नमुना दाखवला गेला. त्यापूर्वीच एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या तिघींचे उत्पादन कॅसल ब्रॉमिचमध्ये संपले होते. युद्धकाळात याच जागेत हजारो स्पिटफायर विमाने बांधली गेली होती आणि पुढे एक्सजेचे ॲल्युमिनियम रिव्हेटनी इथेच जोडले गेले. आता तिथल्या प्रेसवर इतर कारखान्यांत जाणाऱ्या बॉडीचे भाग दाबून काढले जातात.